एका रचनेचे दोन पाठ : ‘स्लीप’ ह्या वाद्यत्रयीची वाटचाल

कॅलिफोर्नियातील सॅन होझे ह्या शहरी १९९० च्या सुमारास उदयास आलेल्या ‘स्लीप’ ह्या वाद्यत्रयीची सर्वांत महत्त्वाची रचना आज दोन नावांनी आणि दोन आकारांत उपलब्ध आहे. ‘जेरुसलेम’ ह्या नावाने १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा पाठ सुमारे ५२ मिनिटांचा असून त्याचे सहा खंड पाडलेले आहेत. ‘डोपस्मोकर’ ह्या नावाने २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला पाठ सुमारे ६३ मिनिटांचा व अखंड आहे. दोहोंचा उगम १९९६ च्या सुमारास झालेल्या एकाच ध्वनिमुद्रणाच्या उपक्रमात आहे, आणि दोहोंपैकी एकही पाठ प्रसिद्ध झाला तेव्हा ती त्रयी अस्तित्वात नव्हती. प्रमाण पाठ कोणता, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा हस्तलिखितांच्या संदर्भात उपस्थित होतो. येथे तो चुंबकीय फितीच्या संदर्भात उपस्थित झाला आहे, आणि त्यातच ह्या त्रयीच्या वाटचालीचे मर्म आहे.

प्रथम दोन संज्ञांचा खुलासा करणे इष्ट होईल. विद्युत् गिटार, बेस गिटार आणि ड्रम एवढ्याच वाद्यांच्या मेळास इंग्रजीत ‘पॉवर ट्रायो’ म्हणतात. गायक निराळा नसतो; वादकांपैकीच कोणी गातो. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेले ‘क्रीम’ आणि ‘जिमी हेंड्रिक्स एक्स्पीरियन्स’ हे ह्या रचनेचे प्रसिद्ध आरंभीचे नमुने होत. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘ब्लू चीअर’ ह्या त्रयीने १९६८ च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत त्याच मेळातून कर्कश, जाड आवाजाचा मार्ग दाखविला. दुसरी संज्ञा ‘स्टोनर मेटल’ ही होय. ‘स्टोन्ड’ म्हणजे शब्दशः दगड झालेला. हा शब्द आधी मद्याच्या आणि पुढे गांजाच्या अमलाखालील मनुष्यास लागला, आणि त्यावरून ‘स्टोनर’ म्हणजे गांजेकस. एखाद्या संगीतप्रकारास त्याच्या श्रोत्याच्या कल्पित अवस्थेवरून नाव मिळावे, हे जरा चमत्कारिकच आहे. त्या नावाने संगीताची घटना काहीच कळत नाही; ती पाहू जाता संथ लय, अत्यंत खाली उतरविलेला खर्ज, ध्वनीची मुद्दाम केलेली विकृती आणि एका लहान स्वरवाक्याची दीर्घ आवर्तने ही चार लक्षणे हाती लागतात. त्या स्वरवाक्यास ‘रिफ’ म्हणतात, व पुढील विवेचनात तीच संज्ञा वापरली आहे.

ह्या सर्वांचे मूळ बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’मध्ये आहे, हे जाणकारांना सांगावयास नको. त्या मेळाचे गिटारवादक टोनी आयोमी हे कारखान्यात काम करीत असता यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचे काम नेमके त्याच बोटांकडे होते. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ ह्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी गिटारच्या तारा तीन अर्धस्वरांनी उतरविल्या. तार सैल झाली की बोटांवरचा ताण कमी होतो आणि स्वरही जड होतो. स्लीपने ह्याच्याही पुढे एक पायरी जाऊन तारा चार अर्धस्वरांनी उतरविल्या. गिटारची सर्वांत जाड तार सामान्यतः सेकंदास सुमारे ८२ कंपने देते. अशी उतरविल्यावर ती सुमारे ६५ देते. बेस गिटारची तार त्याच्याही एक सप्तक खाली, म्हणजे सुमारे ३३ कंपनांवर येते. मानवी कानाची खालची मर्यादा सुमारे २० कंपनांची धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा खर्ज किती खोल आहे याची कल्पना येईल.

येथे ध्वनिशास्त्रातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ह्या संगीतात गिटारवर बहुतेक वेळी केवळ षड्ज व पंचम ह्यांची जोडी वाजते. गांधार वगळलेला असतो, त्यामुळे स्वरसंगती कोमल की शुद्ध हे अनिर्णित राहते. असे दोन स्वर विकृतीच्या यंत्रातून एकत्र गेले की त्यांच्या कंपनांतील अंतराइतका एक नवाच स्वर निर्माण होतो. षड्ज ६५ आणि पंचम ९८ असेल तर अंतर ३३ येते. म्हणजे षड्जाच्याच एक सप्तक खालचा षड्ज. आणि तोच स्वर बेस गिटार प्रत्यक्ष वाजवीत असते. तिघांच्या मेळातून पाच-सहा जणांचा भास होतो त्याचे एक कारण हे आहे. दोन वाद्ये एकमेकांच्या स्वरात शिरतात आणि ऐकणाऱ्यास त्यांची सीमा सांगता येत नाही. दुसरी गिटार त्या मेळात आणली तर आवाज वाढेल, परंतु हे ऐक्य बहुधा ढळेल.

स्लीप ही आरंभापासून त्रयी नव्हती. तिचा पूर्वावतार ‘अॅस्बेस्टॉसडेथ’ ह्या नावाचा होता. त्यातील बेसवादक व गायक अल सिस्नेरोस, ड्रमवादक ख्रिस हेकियस आणि मागून आलेले गिटारवादक मॅट पाइक ह्यांच्या जोडीस जस्टिन मार्लर हे दुसरे गिटारवादक येऊन स्लीप सिद्ध झाली. १९९१ ची ‘व्हॉल्यूम वन’ ही पहिली ध्वनिमुद्रिका चौघांची आहे. त्यानंतर मार्लर हे संगीत सोडून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठात संन्यासी झाले. ज्या मेळाच्या पुढील गीतांत तीर्थयात्रा, वाळवंट आणि पवित्र पर्वत ह्यांची वर्णने यावयाची होती, त्यातील एकाने खरोखरच मठाची वाट धरावी, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. उरलेल्या तिघांनी त्यांच्या जागी कोणासही घेतले नाही. त्यांनी नमुन्यादाखल म्हणून जे ध्वनिमुद्रण इंग्लंडच्या ‘इअरेक’ कंपनीकडे धाडले, तेच कंपनीने फारसा हात न लावता ‘स्लीप्स होली माउंटन’ ह्या नावाने १९९२–९३ च्या सुमारास प्रसिद्ध केले. आपला नमुना हाच अंतिम पाठ ठरला, ह्या अनुभवाने त्यांची अपेक्षा काय झाली असेल ते पुढील घटनांवरून समजते.

ह्यानंतर ‘लंडन रेकॉर्ड्स’ ह्या मोठ्या कंपनीशी करार झाला. सदस्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितल्याप्रमाणे आगाऊ रकमेचा बराच भाग खास बनवून घेतलेल्या ध्वनिवर्धकांवर आणि गांजावर खर्ची पडला. पहिली बाब तरी वायफळ म्हणता येणार नाही, कारण वर सांगितलेला खर्ज क्षीण यंत्रातून निघत नाही. बिली अँडरसन ह्या ध्वनिमुद्रकाच्या साहाय्याने तिघांनी कंपनीसाठी जे सिद्ध केले ते एकच गीत होते, आणि त्याची लांबी तासाहून अधिक होती. ह्या गीतावर ते काही वर्षे काम करीत होते. सरावात आणि प्रवासात ते वाढत, मंदावत, लांबत गेले होते. ध्वनिमुद्रणशाळेत त्याची गाठ साधनाच्या मर्यादेशी पडली. अडीच हजार फूट लांबीची चुंबकीय फीत सेकंदास १५ इंच ह्या गतीने चालविली तर सुमारे ३३ मिनिटांत संपते. ३० इंचांच्या गतीने चालविली तर तिच्या निम्म्या वेळात. अर्थात तासाभराचे गीत एका फितीवर मावणे शक्यच नव्हते. ते तुकड्यांनी मुद्रित करून जोडावे लागले. अखंडता हे ज्या रचनेचे पहिले लक्षण, ती निर्मितीच्या क्षणीच खंडित होती, आणि तिची अखंडता सांधणाऱ्याच्या कौशल्याने सिद्ध झाली, हे विसरून चालणार नाही.

कंपनीने हे गीत प्रसिद्ध करण्याचे नाकारले. डेव्हिड सार्डी ह्यांच्याकडून त्याचे निराळे मिश्रणही करवून घेण्यात आले. तरी प्रकाशन झाले नाही. ह्या वादात कंपनीस केवळ धनलोभी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि बहुतेक वृत्तलेखक तसेच करतात. परंतु वादाचे खरे स्वरूप घटकाच्या व्याख्येसंबंधीचे आहे. ध्वनिमुद्रिकेच्या व्यवसायात ‘गीत’ हा मोजण्याचा एकक होय. तो नभोवाणीवर तीन-चार मिनिटांत वाजविता येतो, त्यास नाव असते, क्रमांक असतो, त्यावर मानधन आकारता येते. भाषेच्या अभ्यासात वाक्य हा एकक गृहीत धरून व्याकरण रचावे आणि समोर एखादे असे भाषण यावे की ज्यात पूर्णविरामच नाही, तसा हा प्रकार झाला. व्याकरणकार म्हणेल, हे वाक्य नव्हे; वक्ता म्हणेल, मी एकच वाक्य बोललो. १९९९ च्या पाठात जे सहा खंड आहेत ते ह्याच पेचावरील तोड होत. त्या खंडांच्या सीमा ऐकणाऱ्यास संगीतात आढळत नाहीत. त्या केवळ तबकडीच्या अनुक्रमणिकेत आहेत. एका खंडातून दुसऱ्यात जाताना रिफ चालूच असते.

ही रिफ हाच ह्या रचनेचा आधार आहे. आरंभी काही मिनिटे गिटार एकटी संथपणे ती मांडते, मग बेस आणि ड्रम येऊन मिळतात, आणि कंठस्वर ऐकू येण्यास सुमारे आठ मिनिटे लागतात. अन्य गीतांत एवढ्या अवधीत दोन गीते संपून तिसरे सुरू झाले असते. कंठस्वर आला तरी तो चाल म्हणून फारशी मांडीत नाही. सिस्नेरोस हे जवळजवळ एकाच स्वरावर, प्रत्येक अक्षर ताणून उच्चारतात. इंग्रजी भाषा आघातप्रधान आहे. तिच्यात आघातयुक्त अक्षरे ठराविक अंतराने येतात आणि मधली दुर्बळ अक्षरे आक्रसून घेतली जातात. येथे सर्व अक्षरांस जवळजवळ सारखाच काल मिळाल्यामुळे हे अंतर मिटते, दुर्बळ स्वर पूर्ण उच्चारले जातात, आणि बोलण्याचे पठण होते. मराठी भाषकाच्या कानास ही लय तितकी परकी वाटत नाही, कारण मराठीत दुर्बळ अक्षर इंग्रजीइतके आक्रसत नाही.

शब्दांची निवडही ह्या पठणास साजेशी आहे. गीताचा विषय वाळवंटातून पुण्यभूमीकडे निघालेला गांजेकसांचा तांडा हा होय. नाझरेथसारखी बायबलमधील स्थलनामे त्यात येतात. उपपदे वारंवार गाळलेली, क्रियापद कर्त्याआधी ठेवलेले, जोडशब्दांची रेलचेल, ही शैली १६११ च्या इंग्रजी बायबलची आठवण करून देते. मात्र अनुकरण काटेकोर नाही. नव्याने घडविलेले शब्द अधिक उद्बोधक आहेत. ‘वीड’ म्हणजे तण, आणि बोलीत गांजा. त्यास ‘-इअन’ हा प्रत्यय लावून ‘वीडिअन’ शब्द केला आहे. हा प्रत्यय ‘ख्रिश्चन’सारख्या धर्मवाचक आणि अनेक वंशवाचक नामांत येतो; म्हणून ‘वीडिअन’ म्हणजे नुसता व्यसनी नव्हे, तर त्या पंथाचा मनुष्य. मराठीत ‘गांजेकस’ आणि ‘गांजापंथी’ ह्यांत जो भेद पडेल तोच येथे आहे. ‘मारिव्हानॉट’ हा दुसरा शब्द. ‘अॅस्ट्रोनॉट’मधील ‘नॉट’ हा घटक नाविक ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला असून तो आपल्या ‘नौ’ ह्या शब्दाचा सगोत्र आहे. ‘मारिव्हाना’चे अंत्य अक्षर आणि ‘नॉट’चा आरंभ ह्यांचा संयोग होताना एक ‘न’ लुप्त झाला आहे. समाक्षरलोपाचे हे बोलके उदाहरण आहे. पूर्वीच्या ध्वनिमुद्रिकेतील ‘ड्रॅगनॉट’ हे शीर्षक त्याच साच्याचे.

ह्या शब्दसंग्रहाचा तिसरा थर जमैकातील रास्ताफारी पंथाचा आहे. ‘चॅलिस’ म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनेतील पवित्र पेला. रास्ताफारी बोलीत तोच शब्द धूम्रपानाच्या नळीस लागतो, आणि गीतात तो दोन्ही अर्थ एकदम सांभाळून येतो. त्या पंथाच्या बोलीतील ‘गांजा’ हा शब्द तर १८४५ पासून जमैकात नेलेल्या हिंदुस्थानी करारबद्ध मजुरांच्या तोंडून तेथे रुजला. हे सारे विडंबन आहे की भक्ती, असा प्रश्न टीकाकार विचारतात. विनोद उघड आहे. परंतु विनोद म्हणून एक तासभर त्याच खर्जात, त्याच संथ गतीने कोणी राहत नाही.

प्रकाशन रखडले आणि १९९८ च्या सुमारास त्रयी संपली. चार वर्षांचे श्रम ज्या एका कृतीत घातले ती कपाटात पडून राहिली. त्यानंतर १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये ‘राइज अबव्ह’ने आणि अमेरिकेत ‘द म्यूझिक कार्टेल’ने ‘जेरुसलेम’ प्रसिद्ध केले. २००३ मध्ये ‘टी पी’ ह्या कंपनीने ‘डोपस्मोकर’ हा दीर्घ पाठ काढला, आणि २०१२ मध्ये ‘सदर्न लॉर्ड’ने त्याचीच नव्याने संस्कारित आवृत्ती एरिक रोपर ह्यांच्या नव्या मुखचित्रासह काढली. सदस्यांच्या मुलाखतींवरून असे दिसते की ह्यांपैकी कोणताही पाठ त्यांच्या मनातील रूपाशी तंतोतंत जुळत नाही. २००३ चा पाठ त्यातल्या त्यात जवळचा. म्हणजे कर्ता हयात असूनही कर्त्याची प्रत उपलब्ध नाही. संपादनशास्त्रात अशा वेळी दोन मार्ग असतात. जो पाठ आधी प्रसिद्ध झाला आणि ज्यावर पहिली पिढी पोसली गेली, तो ग्राह्य धरावा. किंवा कर्त्याच्या हेतूस जो जवळ तो ग्राह्य धरावा. श्रोत्यांनी एकमुखाने दुसरा मार्ग पत्करला आहे. ‘जेरुसलेम’ हे नाव आता संग्राहकांपुरते उरले. तरीही १९९९ ते २००३ ह्या काळात ह्या रचनेची जी कीर्ती पसरली, ती त्या नाकारलेल्या, तुकडे पाडलेल्या पाठाच्याच आधारे पसरली, हे विसरता कामा नये.

विसर्जनानंतर तिघांच्या वाटा भिन्न झाल्या. पाइक ह्यांनी १९९८ मध्ये ओकलंड येथे ‘हाय ऑन फायर’ ही दुसरी त्रयी उभारली. तिची लय द्रुत, आणि कंठस्वर पाइक ह्यांचाच. ह्या त्रयीस २०१९ मध्ये ‘इलेक्ट्रिक मसाया’ ह्या गीतासाठी ग्रॅमी पारितोषिक मिळाले. सिस्नेरोस व हेकियस ह्यांनी गिटारच वगळून केवळ बेस आणि ड्रम ह्यांचे द्वय केले आणि त्यास ‘ओम’ हे नाव दिले. २००५ ची ‘व्हेरिएशन्स ऑन अ थीम’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका. २००७ मध्ये त्यांनी प्रत्यक्ष जेरुसलेम नगरीत वादन केले, आणि थोड्याच काळात हेकियस तेथूनही निवृत्त झाले. ओमच्या २०१२ च्या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक ‘अद्वैतिक साँग्ज’ असे आहे. त्यातील ‘अद्वैतिक’ हे रूप दिसण्यात संस्कृत असले तरी प्रत्यय इंग्रजी आहे; पाणिनीय रीतीने ‘इक’ लावला असता तर आदिवृद्धी होऊन ‘आद्वैतिक’ झाले असते. तिच्या पहिल्याच गीतात स्त्रीकंठातून महामृत्युंजय मंत्राचे पठण ऐकू येते. पुढील एका गीताच्या शीर्षकाचा अर्थ ‘पुन्हा न परतण्याची अवस्था’ असा आहे. वेदान्ताच्या विद्यार्थ्यास येथे ‘अनावृत्ती’ ह्या शब्दाचे स्मरण व्हावे. त्याच तबकडीवर सिनाय आणि गेथसेमाने ही बायबलमधील नावे आणि ‘हक़्क़ अल-यक़ीन’ ही अरबी संज्ञाही आहेत. ह्यास समन्वय म्हणावे की केवळ संग्रह, ह्याविषयी मतभेद संभवतो. मात्र एकस्वरी पठणाची जी प्रवृत्ती ‘डोपस्मोकर’मध्ये दिसली, तिलाच येथे मोकळी वाट मिळाली, हे निश्चित.

२००९ मध्ये इंग्लंडमधील माइनहेड येथील महोत्सवात मूळ तिघे पुन्हा एकत्र आले. पुढे हेकियस ह्यांची जागा ‘न्यूरोसिस’चे ड्रमवादक जेसन रोडर ह्यांनी घेतली. २०१४ मध्ये ‘द क्लॅरिटी’ हे एक गीत निघाले आणि २० एप्रिल २०१८ रोजी ‘द सायन्सेस’ ही पूर्ण ध्वनिमुद्रिका आली. चार-वीस ही तारीख अमेरिकेत गांजेकसांचा सण मानतात, तेव्हा निवड सहेतुक होती. तीत ‘मारिव्हानॉट’ पुन्हा भेटतो, ह्या वेळी थेट शीर्षकात. ‘गीझा बटलर’ हे दुसरे शीर्षक ब्लॅक सॅबथचे बेसवादक गीझर बटलर ह्यांच्या नावावर केलेला श्लेष असून त्यात मिसरमधील पिरॅमिडांचे गाव गुंफले आहे. हा श्लेष कॅलिफोर्नियाच्या उच्चारात साधत नाही, कारण तेथे ‘गीझर’मधील अंत्य र स्पष्ट उच्चारतात. तो साधतो तो बर्मिंगहॅमच्या उच्चारात, जेथे हा र लुप्त होतो. पूर्वसूरींना वंदन करताना त्यांच्याच बोलीचा आश्रय घेतला गेला आहे.

त्याच ध्वनिमुद्रिकेत ‘सॉनिक टायटन’ हे गीत आहे. २००३ च्या ‘डोपस्मोकर’ला त्याचे एक प्रत्यक्ष वादनातील मुद्रण पुरवणीदाखल जोडलेले होते. शाळेत मुद्रित झालेला पाठ त्यानंतर पंधरा वर्षांनी आला. ह्या वेळी कोणी लांबी मोजली नाही, आणि त्रयीने तो आपल्या हाताने प्रसिद्धीस दिला.